औषधाची पारख आणि देणारा हात

जासई, चिर्ले, धुतूम भागातल्या बंधुभगिनींनो, आणि गावोगावच्या शिक्षक मित्रांनो,

आज तुम्हांला एक जुनी हकिकत सांगायची आहे. हकिकत औषधाची आहे. पण अमुक रोगावर अमुक औषध घ्या, असे सांगणारी ती नव्हे. नवे औषध किंवा नवी लस निघाली की तिचा खरोखर गुण येतो का, हे माणसांवर पारखून पाहावे लागते. ह्या पारखीला आपण औषधचाचणी म्हणतो. चाचणीचे नाव काढले की आपले सारे लक्ष जाते ते बाटलीकडे. बाटलीत काय आहे, कोणी शोधले, कुठून आले, एवढेच आपण विचारतो. परंतु बाटली आणि माणूस ह्यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे देणाऱ्याचा हात. तो हात कसा चालला, माप बरोबर पडले की नाही, वेळ पाळली की नाही, नोंद खरी केली की नाही, हे जर पाहिले नाही, तर बाटलीतल्या औषधाबद्दल काहीच कळत नाही. एवढे साधे सत्य माणसाला कळायला पुष्कळ वर्षे लागली, आणि काही जिवांची किंमतही मोजावी लागली. तीच ही हकिकत.

तुम्ही भातशेती जाणणारे लोक. तेव्हा आधी शेतातला दाखला घेऊ. समजा, भाताचे नवे बियाणे आले. एका खाचरात तुम्ही जुने लावलेत, शेजारच्या खाचरात नवे. दिवाळीच्या सुमारास पाहता तो नव्याला दाणा कमी. आता दोष बियाण्याचा का? असेलही. पण रोपे उपटताना मुळे तुटली असतील, लावणी आठ दिवस उशिरा झाली असेल, किंवा बांध फुटून खारे पाणी आत शिरले असेल. ह्यातले काही घडले आणि कोणी ध्यानात ठेवले नाही, तर तुम्ही बियाण्याला नावे ठेवाल आणि चांगले वाण हातचे घालवाल. उलटही होते. नव्या खाचरात शेणखत जास्त पडले असेल, पीक त्यामुळे आले असेल, आणि शाबासकी मिळेल बियाण्याला! औषधाचे अगदी असेच आहे, बरं का. फरक इतकाच, की इथे नुकसान पायलीत मोजायचे नसते.

आता मागे जाऊ १८९६ सालात. सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता शहरात हाहाकार झाला. लोक मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या पडावाने पळू लागले. सरकारने घरोघर झडत्या सुरू केल्या, रोग्यांना जबरीने रुग्णालयात नेऊ लागले. लोकांचा ह्या सगळ्यावर विश्वास नव्हता. ऑक्टोबरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमावच चालून गेला. साथ पुढे पुण्यात पोचली. ज्यांनी आपल्या मुलींना अक्षर दिले त्या सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. शिक्षक मित्रांनो, ही तारीख तुम्हांला ठाऊकच आहे.

अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून एका माणसाला मुंबईत बोलावून घेतले. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन. जन्म १८६० सालचा, ओडेसाचा; शिक्षण तिथलेच, पुढचे काम पॅरिसमध्ये. कॉलऱ्याची लस त्याने आधीच तयार केली होती आणि १८९३ पासून तो हिंदुस्थानात ती टोचत फिरत होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला काम करायला जागा मिळाली. मांसाच्या रश्शात तो प्लेगचे जंतू वाढवी. त्या रश्शावर तुपाचे थेंब सोडी. तरंगत्या थेंबांना धरून जंतूंचे पुंजके खाली लोंबत वाढत, जणू छपराच्या वळचणीला लोंबणारी जळमटे. मग ते सगळे तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे, की लस तयार. मेलेला जंतू रोग करीत नाही. पण शरीराला शत्रूची ओळख पटते, आणि खरा जंतू आला तर शरीर तयार असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने पहिली टोचणी स्वतःच्या अंगावर करून घेतली. ताप आला, दुखले, आणि तो बरा झाला. एवढ्यावरून लस सोसते, हे कळले. ती प्लेग टाळते का, हे कळले नाही. ते कळायला साथ जिथे चालू आहे तिथे जाऊन काही माणसांना टोचायचे, काहींना नाही, आणि दोघांकडे सारखेच लक्ष ठेवायचे, ह्याला दुसरा इलाज नव्हता.

पहिली जागा मिळाली ती भायखळ्याच्या तुरुंगाची. जानेवारीच्या अखेरीला तिथे प्लेग शिरला होता. ३० जानेवारीला निम्म्याच्या आसपास कैद्यांनी लस टोचून घेतली. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, दगावला कोणीच नाही. कैदी माणूस ‘हो’ म्हणतो ते कितपत मनापासून, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. त्या काळी तो फारसा कोणी विचारला नाही.

दुसरी जागा मात्र तुमच्या अगदी उंबऱ्याशी आहे. जासईहून उरण गाठा आणि पुढे समुद्राकडे जा, की मोरा बंदर लागते. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच जिथे लागते तेच मोरा. मुंबईच्या साथीला पाण्यावरून यायला कितीसा वेळ? १८९७ मध्ये प्लेग मोऱ्याला आला, आणि पाठोपाठ लसही आली. गावची वस्ती हजाराच्या आतबाहेर. त्यांपैकी ४२९ जणांनी लस टोचून घेतली. त्यांच्यात प्लेग झाला ७ जणांना, आणि ते सातही वाचले. न टोचलेले लोक राहिले सुमारे ५७०. त्यांच्यात २६ जणांना प्लेग झाला आणि २४ दगावले.

गुरुजी, हे आकडे फळ्यावर मांडा आणि सातवीच्या मुलांकडून शेकडा प्रमाण काढून घ्या. टोचलेल्यांत शंभरी दीड-पावणेदोनला रोग झाला, न टोचलेल्यांत शंभरी साडेचारला. मृत्यूंमधला फरक तर सांगायलाच नको. पाठ्यपुस्तकातल्या आंबे-पेरूंच्या उदाहरणांपेक्षा आपल्याच तालुक्यातले हे उदाहरण मुले विसरणार नाहीत.

पण मुलांपैकी एखादा चौकस असला तर तो हात वर करील आणि विचारील, “गुरुजी, लस कोणी घेतली आणि कोणी नाही, हे कोणी ठरवले?” हा प्रश्न अगदी बरोबर आहे. मोऱ्याला ज्यांची इच्छा झाली त्यांनी घेतली. आता इच्छा होणारी माणसे कोण असतात? कदाचित धट्टीकट्टी, कदाचित चार पैसे बाळगून असणारी, बऱ्या घरात राहणारी. ज्यांच्या घरात उंदीर मेले ती माणसे कदाचित आधीच घाबरून गेलेली. म्हणजे एका खाचराला शेणखत जास्त पडलेले असायचे, तसेच झाले की! लस गुणकारी असेलही, पण हा आकडा तेवढ्याने शंभर नंबरी होत नाही.

हाफकिनला हे कळत होते. १८९८ च्या फेब्रुवारीत बडोदे संस्थानातल्या उंधेरा नावाच्या गावी त्याने निराळी रीत वापरली. गावची नावनिशीवार यादी काढली. एकेक कुटुंब पुढे बोलावले, आणि प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. म्हणजे एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे. काही टोचलेली, काही न टोचलेली. पुढे गावातल्या २८ कुटुंबांत प्लेग आला. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग झाला आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ दगावले. आता गरीब-श्रीमंत, घर चांगले-वाईट, ह्या सबबी उरल्या नाहीत. लस कोणाला द्यायची हे आधी ठरवून द्यायला लागताच आकडा बोलका झाला. बाटलीतली लस पहिलीच होती. देण्याची रीत तेवढी सुधारली होती.

तुम्ही म्हणाल, निम्म्यांना वंचित ठेवले हे बरे केले का? मनाला टोचणारीच गोष्ट आहे. परंतु लस उपकारक की अपायकारक हे त्या दिवशी कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक नाही तो जर सगळ्यांना देत सुटला, तर पुढे काय झाले ह्याचा अर्थ लावणारा कोणी राहत नाही. मात्र एकदा गुण सिद्ध झाला की कोणाला वगळणे पाप. ही मर्यादा आजच्या चाचण्यांनाही लागू आहे.

कोणाला द्यायचे ह्याचा प्रश्न असा सुटत चालला. किती द्यायचे, हा प्रश्न मात्र राहिला. लस म्हणजे काही तराजूत तोलायचे मीठ नव्हे. एका बाटलीत जंतूंचे पुंजके दाट, दुसरीत विरळ. टोचल्यावर ताप किती चढतो ह्यावरून लसीचा जोर अजमावत. १८९८ साली सरकारने प्रो. फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग आयोग नेमला. आयोगाने सारे आकडे चाळले, गावोगावच्या साक्षी घेतल्या. लसीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे आयोगाने मान्य केले. परंतु मात्रा ठरवण्याच्या पद्धतीवर आणि नोंदींच्या कच्चेपणावर त्याने नेमके बोट ठेवले. बाटलीगणिक मात्रेचा जोर निराळा असेल तर आपण नक्की कशाची पारख केली, असा तो सवाल होता. दुर्दैवाने ह्या सवालाकडे पुरेसे लक्ष जाण्याआधीच एक अनर्थ झाला.

१८९९ मध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली होती. तिथून लसीच्या बाटल्या देशभर जात. १९०२ मध्ये पंजाबात प्लेग माजला, आणि तिथल्या सरकारने लाखांनी लस मागितली. मागणी भागवायची तर काम झपाट्याने व्हायला हवे, म्हणून लस करण्याची पद्धत बदलली. नव्या पद्धतीत कार्बोलिक ॲसिड घालणे सोडून दिले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकवाल नावाच्या गावी १०७ जणांना लस टोचली. पुढे त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला, आणि एकोणीसच्या एकोणीस दगावले. धडधाकट माणसे. प्लेगपासून वाचण्यासाठी त्यांनी आपणहून हात पुढे केला होता.

ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३ एन. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. सरकारी चौकशी बसली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच तिच्यात घाण शिरली असावी, असे चौकशीचे मत पडले. कार्बोलिक सोडल्याबद्दल ठपका आला. हाफकिनची जागा गेली. ज्याच्या लसीने हजारोंचे प्राण वाचवले तो माणूस प्राण घेणारा ठरला.

पण चौकशीच्या कागदांतच एक बारीकशी गोष्ट नोंदलेली होती. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. नियमाप्रमाणे तो ज्योतीवर धरून भाजून घ्यायला हवा होता. त्याने तो औषधी पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. धनुर्वाताचे जंतू कुठे राहतात हे तुम्हां शेतकऱ्यांना सांगायला नको. माती आणि शेण हे त्यांचे घर. शिवाय, बाटली उघडली तेव्हा डॉक्टरांनी तिचा वास घेऊन पाहिला होता, आणि वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते तर दुर्गंधी सुटल्यावाचून राहती ना. म्हणजे घाण शिरली ती मुंबईत नव्हे, मलकवालच्या जमिनीवर, त्या क्षणी. मलेरियाचा डास शोधणारे सर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात हे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाला. पाच वर्षे गेली होती. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव दिले गेले.

ह्या घटनेतून आपण काय घ्यायचे? त्या मदतनिसाला शिव्या देऊन मोकळे व्हायचे का? मला तसे वाटत नाही. भर गर्दीत, साथीच्या घाईत, दिवसभर बाटल्यांमागून बाटल्या उघडणारा तो एक साधा माणूस. चिमटा कोणाच्याही हातून पडतो. पडल्यावर काय करायचे, हे त्याच्या हाताला इतके सवयीचे हवे होते की विचार करावा लागू नये. आणि तो विसरला तर थांबवणारा दुसरा कोणी शेजारी हवा होता. शिवाय एकाच बाटलीतून जितक्या जास्त जणांना टोचायचे, तितके एका चुकीचे पाय लांब. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बाटलीवर क्रमांक होता, आणि कोणाला कुठल्या बाटलीतून टोचले ह्याची नोंद होती. म्हणून तर दोष एका बाटलीपर्यंत माग काढता आला. नोंद नसती, तर सगळी लसच विषारी ठरली असती, आणि पुढच्या साथींत लोकांनी ती घेतली नसती.

म्हणजे पाहा, चाचणी असो की मोठी मोहीम, देणाऱ्या हाताला चार गोष्टी लागतात: ठरलेले माप, ठरलेली रीत, शिकवून पक्की झालेली सवय, आणि खरी नोंद. पुढच्या काळात चाचण्या सुधारल्या त्या ह्याच वाटेने.

१९५६ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोगावर एक प्रसिद्ध चाचणी सुरू झाली. क्षयाच्या रोग्याला आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवलेच पाहिजे, अशी तेव्हा समजूत होती. गरिबाला ते कसे परवडावे? म्हणून निम्म्या रोग्यांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना त्यांच्या घरीच गोळ्या देऊन पाहिले. पण घरी दिलेली गोळी रोगी गिळतो की कोनाड्यात ठेवून देतो, हे कसे कळावे? मग अचानक घरी जाऊन गोळ्या मोजायच्या, लघवी तपासायची, अशी व्यवस्था केली. घरचे उपचार आरोग्यधामाइतकेच गुणकारी ठरले. हा निकाल १९५९ मध्ये छापला गेला. त्याचबरोबर पुष्कळ रोगी गोळ्या चुकवतात, हेही उघड झाले. कार्यकर्त्याच्या देखत गोळी घ्यायची, ही क्षयोपचारातली पद्धत पुढे तिथल्याच कामातून वाढीला लागली. हात देणाऱ्याचा असतो तसा घेणाऱ्याचाही असतो, हा मद्रासचा धडा.

आता आपल्या महाराष्ट्रातलेच, गडचिरोलीचे काम पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. त्या जंगलपट्टीत लहान मुले न्यूमोनियाने फार जात. औषध माहीत होते, स्वस्तही होते. पण गावात डॉक्टर नाही. न्यूमोनिया ओळखायचा कोणी? मूल मिनिटाला किती श्वास घेते हे मोजले की ओळखता येते. परंतु ज्या सुईणीला फार तर दहा-बारापर्यंत मोजता येते, तिने पन्नास-साठ श्वास मोजायचे कसे? इथे डॉ. बंगांनी एक साधे साधन केले. एक मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ, आणि शेजारी तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध द्यायचे. औषध पहिलेच राहिले, बदलले ते साधन. पण निरक्षर बाईच्या हातात डॉक्टरची नजर आली.

पुढे १९९३ ते १९९८ ह्या काळात त्यांनी नवजात बाळांसाठी त्याच जिल्ह्यात मोठी चाचणी केली. ३९ गावांत नवी व्यवस्था आणि तुलनेसाठी ४७ गावे. नव्या व्यवस्थेत गावातलीच थोडी शिकलेली बाई आरोग्यदूत म्हणून निवडली. तिला टप्प्याटप्प्याने शिकवले. बाळंतपणाला तिने हजर राहायचे, ठरल्या दिवशी घरी जायचे, बाळाचे वजन करायचे, अंग गार आहे का पाहायचे, श्वास मोजायचा, आईला अंगावर पाजायला मदत करायची. जंतुदोष ओळखता आला आणि आईबापांची संमती असली तर इंजेक्शनही द्यायचे. इंजेक्शन म्हटल्यावर पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. पण ह्या बायांना वाऱ्यावर सोडले नव्हते. ठराविक दिवसांनी डॉक्टर येत, तिच्या वहीतली नोंद प्रत्यक्ष बाळाशी ताडून पाहत, चुकले असेल तिथे पुन्हा शिकवत. निकाल १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रिकेत आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशाताई नव्या बाळाच्या घरी फेऱ्या घालू लागल्या, त्या रीतीमागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे. तुमच्या दारी आशाताई येते आणि काट्यावर बाळ ठेवते, तेव्हा ती नुसती हजेरी लावत नसते, हे ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, ह्या जुन्या गोष्टी झाल्या. आता यंत्रांचे युग आहे, माप चुकतेय कशाला? तर २०२० सालची गोष्ट ऐका. करोनाची जी लस पुढे आपल्याकडे पुण्यात कोव्हिशील्ड नावाने तयार झाली, त्याच लसीची चाचणी ब्रिटनमध्ये चालू होती. लसीचा जोर मोजण्याच्या दोन पद्धतींची उत्तरे जुळली नाहीत, आणि काही लोकांना पहिला डोस निम्माच गेला. आणि गंमत अशी, की निम्मा डोस गेलेल्यांत गुण जास्त दिसला! मग तर्कवितर्क सुरू झाले. पुढे तपासता दिसले, की त्या गटात वयस्क माणसे नव्हती आणि दोन डोसांमधले अंतरही जास्त पडले होते. गुण वाढण्याचे कारण बरेचसे त्या अंतरात होते. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेग आयोगाने विचारलेला प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. फरक एवढाच, की ह्या वेळी चूक लपवली गेली नाही. ती कळवली, नोंदली आणि छापली गेली. म्हणूनच तिचा अर्थ लावता आला.

आता तुम्ही-आम्ही काय करायचे? आज औषधचाचणी करायची तर कायद्याप्रमाणे ती आधी सरकारी नोंदवहीत दाखल करावी लागते. २००९ पासून ही सक्ती आहे. नीतिसमितीची मंजुरी लागते, माणसाला समजेल अशा भाषेत सांगून त्याची संमती घ्यावी लागते. उद्या तुमच्याकडे असे कोणी आले तर घाबरू नका आणि भुलूही नका. विचारा: औषध कोण देणार? त्याला कोणी शिकवले आहे? काही त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला बोलवायचे? मधेच सोडायचे म्हटले तर सोडता येईल ना? आणि एकदा ‘हो’ म्हटलेत, की तुमच्याकडूनही एक गोष्ट हवी. गोळी चुकली तर चुकली म्हणून सांगा. “घेतली हो ताई,” असे संकोचाने म्हणू नका. तुमच्या त्या एका भिडस्तपणाने चांगले औषध वाईट ठरेल, नाही तर मात्रा कमी पडली असे समजून उद्या दुसऱ्या कोणाला ती वाढवून दिली जाईल.

शिक्षक मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटा प्रयोग सांगतो. मुलांना घरून एकेक चमचा आणायला सांगा. ज्याने घरी औषध देतात तोच. सुई नसलेल्या पिचकारीने प्रत्येक चमच्यात किती पाणी मावते ते मोजा आणि फळ्यावर लिहा. एका चमच्यात तीन मिलिलिटर, दुसऱ्यात सहा, असे काहीबाही निघेल. मग मुलांना विचारा, “एक चमचा औषध द्या, असे डॉक्टरांनी सांगितले, तर कोणाच्या घरी किती गेले?” तो फळा मुलांनी वहीत उतरवून घरी आईला दाखवला, की तुमचे काम झाले. औषधाच्या बाटलीवर येणारे मापाचे टोपण घरोघर फेकले जाते ते बंद होईल.

२०२४ पासून अटल सेतू सुरू झाला आहे. चिर्ल्याहून निघालात की समुद्र ओलांडून शिवडीला उतरता, आणि परळ तिथून हाकेच्या अंतरावर. १८९७ मध्ये लसीला मोऱ्याला यायला पाण्याचीच वाट होती. कधी मुलांना घेऊन त्या बाजूला गेलात, तर हाफकिन इन्स्टिट्यूटची ती जुनी वास्तू बाहेरून का होईना, दाखवा. ५३ एन क्रमांकाची बाटली तिथूनच निघाली होती, आणि निघताना तिच्यात काही खोट नव्हती, हे त्यांना सांगा. परत येताना उरणला थांबून मोऱ्यालाही जा. धक्क्यावर उभे राहून मुलांना ते ४२९ जण आठवून द्या. लसीचा भरवसा नव्हता तेव्हा त्यांनी दंड पुढे केला होता. आपल्याच तालुक्यातली माणसे होती ती.